आग्याच्या सालीचा दोर

"आई, मला अनुग्रह कधी देणार?"

आवडाई सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही.

"कशाला हवाय?"

"आता माझी तयारी झाली आहे. क्रोध मी जिंकला. देहाचं दुःख मला स्पर्श करत नाही. आणखी काय करायचं राहिलं?"

आवडाईनं अडकित्ता त्याच्यापुढं सरकवला.

"ही सुपारी फुटेना बघ. तेवढी फोड."

विचारणारा होता शांतानंद. हे नाव त्याला कोणी दिलेलं नव्हतं, त्यानंच घेतलेलं. मूळचा गडहिंग्लजकडचा, बापाचं नाव रवळू, बैलांचा दलाल. पोरगा मात्र पुस्तकातल्यासारखं बोलायचा. बरेच मठ फिरून आला होता. नाकावर माशी बसली तर उडवायचा नाही. येणारीजाणारी माणसं थांबून ती माशी बघत बसायची.

आवडाई आमच्या देवीच्या राईत राहायची. एक खोली, एक चूल, एक देवळी. तिला गुरू कोणी केलं नाही, माणसं आपली जायची. तिच्याकडून मंत्र मिळालेले थोडे. कामाला लागलेले पुष्कळ.

शांतानंदाला मात्र मंत्रच हवा होता. अनुग्रह घेऊन, गळ्यात माळ पडल्याशिवाय घराचा उंबरा चढणार नाही, असं तो बापाला चार माणसांत सांगून आला होता. बाकीच्या मठांनी त्याला वाटेला लावलं होतं. आता ही म्हातारी तेवढी उरली होती.

त्यानं सुपारी फोडली. आवडाई म्हणाली, "उद्या दोर आहे. ये. दोर झाला की बघू."

"आणि नाही जमलं तर?"

"आलास ती वाट अजून तिथंच आहे."

आता दोराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव देवकोंड. घाटमाथ्यावर, दाट रानात. भर उन्हाळ्यातसुद्धा पाल्याखाली जमीन ओली असते. गाव एकीकडं, शेतं दुसरीकडं, मधून ओढा. ओढ्यावर लाकडी साकव. पावसाळ्यात साकवावरून पाणी जातं, तेव्हा वर बांधलेला दोर धरूनच पलीकडं जायचं. दोर तुटला तर माणूस थेट खाली कोकणात.

हा दोर आग्याच्या सालीचा. आग्या म्हणजे झाड. पानं रुंद, कडा नागमोडी, वर बारीक लव. तान्ह्या पोराच्या गालावर असते तशी. हात लावावासा वाटतो. लावला की संपलं. आधी मुंगी चावल्यासारखं, मग निखारा ठेवल्यासारखं. वर पाणी लागलं तर आग दुप्पट होते. आग्या लागलेला हात आमच्यात कोणी पाण्यात घालत नाही.

मग असलं झाड ठेवायचं कशाला? शहरातला माणूस हेच विचारतो. तर त्याच्या फांद्यांचं कुंपण केलं की गवा नाचणीत शिरत नाही. मूळ उगाळून तापात देतात. तीच मुळी खोबरेलात उगाळून आग्या लागल्यावर लेप देतात. लेपानं आग उतरते म्हणे. मला विचाराल तर लेप तयार होईपर्यंत माणूस ओरडून दमतो, आणि दमला की त्याला बरं वाटतं. पण साल मात्र खरी. चिवट, पाण्याला न भिणारी. हल्ली बाजारात नायलॉनचा दोर मिळतो. तो ओल्या हातातून सुटतो. ज्यांना हवा त्यांनी तो घ्यावा आणि वाहत जावं.

दोराच्या दिवसाचा एक नेम आहे. ज्याला आग्या लागेल त्यानं बोंबलायचं, आणि तोंडाला येईल ते बोलायचं. कोणालाही. सासूला, दिराला, पाटलाला, देवीला. त्या दिवशी त्याला माफी. आग गिळायची नाही. गिळली तर ती दोरात उतरते आणि दोर ऐन पाण्यात दगा देतो.

खरं का खोटं ते मला माहीत नाही. आमचा दोर तुटलेला नाही, आणि दोराच्या दिवशी कोणी गप्प बसलेलंही नाही. एवढं मी बघितलं.

काही बायका मुद्दाम हात लावतात असंही म्हणतात. लावत असतील. वर्षभर बोलायला मिळत नाही त्यांना.

तर त्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी जाळ पेटला. गडी हाताला गोणपाट गुंडाळून फांद्या तोडून आणत होते. फांदी जाळावर धरायची, लव जळली की साल सोलायची. बायका ती दगडावर ठेचायच्या, ओढ्यात धुवायच्या. सगळ्यांच्या हाताला खोबरेल आणि राख. कामावर देखरेख सुबरावची. सुबराव म्हणजे मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्यापुढं मांजरसुद्धा हळू चालतं.

पहिला आग्या लागला हौसाला. सुबरावच्या धाकट्या भावाची बायको. दिरासमोर तिचा पदर कधी कपाळाच्या वर गेलेला नाही.

ती ओरडली. सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

हौसानं पदर खोचला आणि सुबरावपुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली की तुमच्या घोरण्यानं आढ्याची कौलं सरकली, पाऊस आत येतो, आणि नाव मात्र माकडांचं. म्हणाली की माशाचं डोकं दर वेळी तुमच्याच ताटात कसं पोहत येतं ते मला एकदा बघायचंय. मिशांबद्दल जे बोलली ते मी लिहीत नाही. त्यात एक कावळा होता.

सुबराव खाली मान घालून ऐकत होता. तिचा दम संपल्यावर त्यानं विचारलं, "आणखी काही?"

"आहे. थांबा, आठवते."

माणसं हसून हसून जमिनीवर बसली. हौसाची सासू मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, माझंही काही असेल तर आजच उरकून घे बाई.

एवढ्यात शांतानंद आला. आंघोळ केलेला, अंगावर उपरणं. मागून आवडाई आली आणि एका दगडावर टेकली.

सुबरावनं तेलाची वाटी आणि राख त्याच्यापुढं धरली. शांतानंद हसला.

म्हणाला, ज्याला लागेल तो देह. मला लेप कशाला?

आणि त्यानं ताजी तोडलेली, न शेकलेली फांदी उघड्या हातांनी उचलली. हार उचलावा तशी. चालत गेला, जाळावर ठेवली, परत आला.

कोणी हललं नाही.

त्याचे दोन्ही तळवे लाल झाले. मग मनगटं. डोळ्यांत पाणी आलं. ओठ मात्र हसतेच राहिले.

सुबराव म्हणाला, "बोला महाराज. आज माफी असते."

"मला काही झालं नाही."

...

एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मग दुसऱ्यानं. मग सुबराव, हा आमचा सुबराव, वाकला आणि त्याच्या पायाला हात लावला.

शांतानंदानं हात उपरण्यात घेतले आणि आवडाईकडं बघितलं. आवडाई पान लावत होती.

काम परत सुरू झालं. पण गुपचूप. हौसाचा पदर कपाळावर आला. थोड्या वेळानं एका गड्याला आग्या लागला, तर तो महाराजांकडं बघून ओठ चावत म्हणाला, "काही नाही, काही नाही." त्याच्या बायकोला भलतंच कौतुक वाटलं. माझं म्हणाल तर मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

देवळातल्यासारखी शांतता. फक्त दगडावर साल ठेचल्याचा आवाज.

दुपारी दोर वळायला घेतला, तर पीळ बसेना.

दोर वळताना एकमेकांवर ओरडावं लागतं. ओढ, सोड, ढिला पडलास, झोपलास का मेल्या. तो ताल असतो. आता समोर महाराज बसलेले. कोण कोणाला मेल्या म्हणणार? एक ओढायचा तेव्हा दुसरा सोडायचा. एकदा वळला, उकलला. परत वळला, परत तेच.

सुबरावच्या कपाळाला घाम आला. साल सुकायला लागली होती. सुकली की वळत नाही, मग नव्यानं झाडं शोधा. आभाळ तर रोज खाली उतरत होतं.

आवडाई उठली. आली. दोर दोन बोटांत धरून दाबला. तो सुटला आणि केसांसारखा विस्कटला.

"ह्यानं वासरू तरी बांधशील का?" तिनं सुबरावला विचारलं.



मग ती शांतानंदापुढं गेली. तो मांडी घालून बसला होता. हात अजून उपरण्यात. कोपरापर्यंत थरथरत होते.

"बरा आहेस ना?"

"आनंदात आहे, आई."

"दिसतंय."

...

ती फांद्यांच्या ढिगाकडं गेली. एक चांगलं रुंद पान तोडलं. आणि डास मारावा तसं आपल्याच दंडावर थापलं.

मग ती अशी ओरडली, की राईतली पाखरं उडाली.

तिनं सुबरावला धरलं. हौसाला धरलं. हौसाच्या सासूला धरलं. मला धरलं, आणि माझ्याबद्दल जे बोलली ते खरं होतं म्हणून लिहीत नाही. मग देवीकडं तोंड करून म्हणाली की एवढं रान तुला मोकळं मिळालं होतं, आंबा लावायचास, फणस लावायचास, तुला हेच झाड सुचलं?

एरवी माणसं लोळली असती. आज कोणाला हसावं का नाही ते कळेना. सगळे महाराजांकडं बघत राहिले.

शांतानंद उठून उभा राहिला.

"आई... आपण सुद्धा?"

"मी सुद्धा. बघत काय उभा राहिलास? लेप लाव मला. हातांना धूर लागलाय तुझ्या, आधी धुऊन ये."

सुबरावनं तोंड उघडलं. आवडाईनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

पाण्याचं शांतानंदाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला काही झालंच नाही, त्याला काय सांगायचं?

तो ओढ्याकडं निघाला. गुरूनं पहिल्यांदाच सेवा सांगितली होती. त्याचं तोंड उजळलं होतं. काठावर बसला. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले.

...

हात बाहेर काढले. उलटे करून बघितले. सुलटे करून बघितले.

तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

मग आला. "अगं ए थेरडे! चुलीत घाल तुझं झाड! आन तूबी जा चुलीत!"

हा पुस्तकातला आवाज नव्हता. हा बैलबाजारातला, बापाचा. पायावर पाय दिलेल्या खोंडाला मारतात ती हाळी.

आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. एका पायावर नाचत होता, हात हवेत झाडत होता आणि बोलत होता. सुबरावला म्हणाला, पाया पडायच्या आधी मिशीतली राख तरी झाडायची होतीस. ज्या ज्या मठानं त्याला झाडू मारायला लावला त्या त्या मठाचं नाव घेऊन उद्धार केला. चार माणसांत पैज मारणाऱ्या आपल्या जिभेला शिव्या दिल्या. नाकावरच्या माशांनासुद्धा सोडलं नाही. त्या कशा चावतात, किती चावतात, आणि आपण मूर्खासारखे कसे बसून राहतो, सगळं सांगितलं.

मग दम लागला. थांबला. भोवती बघितलं.

सगळं गाव उभं होतं. 

पदराआडून हौसानं पहिला आवाज काढला. फुस्स करून. तिनं तोंड दाबलं, पण पदरच खाली आला, आणि मग ती जी हसली. मग तिची सासू. मग सुबराव, आणि सुबरावला हसताना मी त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

सकाळी ओठ चावून बसलेला तो गडी पुढं आला. म्हणाला, माझं सकाळचं राहिलंय. आणि त्यानं सुबरावला जे काही ऐकवलं, त्यात निम्मं उधारीचं होतं, म्हणजे हौसाकडून ऐकलेलं. पण मनापासून.

शांतानंदाला आधी राग आला. माणसं हसतात म्हणून आणखी ओरडायला गेला, तर मधेच त्याचा आवाज फाटला. मग त्यालाच हसू आलं. तो चिखलात बसला. हसता हसता रडायला लागला आणि रडता रडता हात फुंकायला लागला.

हौसानं त्याच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत लेप थापला. आवडाईच्या दंडालाही तिनंच लावला.

सुबरावनं साल उचलली. अजून सुकली नव्हती.

लेप लावलेल्या हातांनी दोर धरता येत नाही. मग शांतानंदाला एका उंच दगडावर उभं केलं आणि ताल द्यायला सांगितलं.

त्याचा गळा मोठा होता. "ओऽऽढ... सोऽऽड..." पलीकडच्या शेतातली गुरं माना वर करून बघायला लागली. मधूनच कोणाचं तरी नाव घेऊन तो दोन शब्द सोडायचा, आणि खालून दोन शब्द त्याला परत मिळायचे. एवढ्या शिव्या आणि एवढं हसू मी एका दिवसात कधी ऐकलं नाही. पीळ असा बसला, की बोटाचं नख दोन पदरांत शिरेना.

उन्हं उतरली तेव्हा दोर झाला. झाडाला बांधून सगळे गडी त्याला लोंबकळले. वर सुबराव चढला. मग हौसा म्हणाली की आता मिशाही बांधून बघा. लोंबकळणारे सगळे हसून हसून हलले, आणि दोर त्यालाही पुरला.

चुलवणावर भात शिजत होता. माणसं पत्रावळी मांडत होती. शांतानंद बाजूला आवडाईपाशी येऊन उभा राहिला.

"आई, मी जातो."

"भात झालाय की."

"नको. मी निघतो."

"कुठं?"

"ते ठाऊक नाही. घरी तर जाता येत नाही."

आवडाई भाताकडं बघत होती.

तो म्हणाला, "राग जिंकला म्हणालो होतो. गुरूला शिव्या दिल्या. सगळ्या गावादेखत... आता मी कोणत्या तोंडानं मागू?"

"लेप वाळला का?"

"नाही."

"मग हात लांब ठेव. लुगड्याला लागेल."

त्यानं हात लांब केले. आवडाईनं आपल्या गळ्यातली माळ काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. त्याला तिच्या पायांना हात लावता येईना, जोडता येईना. दोन्ही हात पसरून तो नुसता उभा राहिला, शेतातल्या बुजगावण्यासारखा.

पत्रावळी मांडणारे हात थांबले.

"आई..." त्याचा आवाज बसला होता. "आणि मंत्र?"

आवडाईनं त्याला खाली वाकायची खूण केली. त्यानं डोळे मिटले आणि कान पुढं केला. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलली, पण म्हातारीला हळू बोलता यायचं नाही, त्यामुळं सगळ्यांनाच ऐकू आलं.

"मघाशी मला जे म्हणालास ना... ते परत एकदा म्हण बघू."